डिस्लेक्सिया असलेल्या मुलांच्या गोष्टी हव्या आहेत, पण शेवटी बक्षीस मिळणाऱ्या नकोत

सांगलीकर_बाबा

नमस्कार मंडळी. माझी लेक पाचवीत आहे, सेमी इंग्लिश. मागच्या वर्षी टेस्टिंग झालं आणि डिस्लेक्सिया आहे, म्हणजे हुशारी असूनही वाचणं-लिहिणं अवघड जातं, हे नक्की कळलं. सर्टिफिकेट, सवलती, रेमेडियल (अशा मुलांची खास शिकवणी) याबद्दल इथे भरपूर धागे आहेत ते सगळे वाचलेत त्यामुळे प्रश्न तो नाही. माझा प्रश्न गोष्टींचा आहे.

आमच्याकडे रात्री जेवणं झाली की मोठ्याने वाचायचं असा रिवाज आहे, माझ्या आजोबांपासून चालत आलेला. लेकीला गोष्टींचं प्रचंड वेड. ऐकलेली गोष्ट तिला शब्दन् शब्द पाठ असते, मी एखादा परिच्छेद गाळला की लगेच पकडते. तर मध्ये तिने विचारलं की बाबा, जिला वाचता येत नाही अशी मुलगी एकाही गोष्टीत का नसते? आणि मग विचार करायला लागलो तर खरंच की हो, मुलांच्या सगळ्या साहसकथा बघा, चिठ्ठी सापडते, नकाशा सापडतो, जुनी डायरी सापडते, आणि जो तो ते घडाघडा वाचून पुढे पळतो. गोष्ट सुरूच मुळी वाचण्यातून होते. जिला ती चिठ्ठी वाचता येणार नाही तिने त्या गोष्टीत शिरायचं कुठून?

म्हणून शोधायला लागलो. जे मिळतंय ते एकतर पालकांना उद्देशून आहे, म्हणजे गोष्ट नावाला आणि आत सगळा सल्ला, नाहीतर मग शेवटी मूल काहीतरी अचाट करून दाखवतं आणि सगळी शाळा टाळ्या वाजवते. आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर "यालाही डिस्लेक्सिया होता म्हणे" म्हणून आइनस्टाईनचा फोटो तर दर आठवड्याला येतो. त्यांचं प्रेम कळतं मला. पण माझी लेक साधी पोर आहे, तिला क्रिकेट आवडतं आणि त्यातही ती बरी खेळते एवढंच, तिला साधी गोष्ट पाहिजे जिच्यात तिच्यासारखं कोणीतरी असेल.

मराठीत काही आहे का? इंग्रजी असलं तरी चालेल, मी वाचता वाचता मराठीत सांगेन. आणि दुसरं म्हणजे अशी पुस्तकं मुद्दाम आणून दिली तर "हे घे, तुझ्या आजाराचं पुस्तक" असं तर तिला वाटणार नाही ना? अनुभव असलेल्यांनी सांगा प्लीज.

पुस्तकवेडी_नाशिक

बाबा, लेकीचा प्रश्न वाचून थांबलेच मी. आमच्या सोसायटीत मी मुलांची छोटी लायब्ररी चालवते, त्यामुळे इंग्रजीतली दोनचार नावं लगेच सुचली.

पहिलं हँक झिपझर. हेन्री विंकलर म्हणून अमेरिकन नट आहेत, 'हॅपी डेज' या सिरियलमुळे गाजलेले, त्यांना स्वतःला डिस्लेक्सिया आहे हे वयाच्या 31 व्या वर्षी कळलं, तेही सावत्र मुलाची टेस्टिंग चालू होती तेव्हा. लिन ऑलिव्हर या लेखिकेबरोबर त्यांनी 2003 पासून ही सिरीज लिहिली, 17 पुस्तकं आहेत. हँक न्यूयॉर्कमधला चौथीतला मुलगा. पहिल्याच पुस्तकात बाई सुट्टीवर निबंध लिहायला सांगतात, पाच परिच्छेदांचा, आणि याला एक वाक्य धड उतरवता येत नाही पण डोक्यात नायगारा धबधबा नुसता कोसळतोय, म्हणून हा निबंध लिहायच्याऐवजी बांधतो, म्हणजे खऱ्या पाण्याचा धबधबा वर्गात करून आणतो आणि मग जे व्हायचं ते होतं, वर्गभर पाणी. संगीताचे सर पहिल्यांदा म्हणतात की या मुलाला तपासून घ्या. मला आवडतं ते हे की पुस्तकामागून पुस्तकं झाली तरी हँकचं स्पेलिंग सुधारून एकदम छान होत नाही. तो मित्रांबरोबर नवीन उद्योग करतो, आजोबांचा लाडका आहे, बहिणीशी भांडतो आणि वाचणं अवघडच राहतं.

दुसरं लिंडा मुलाली हंट यांचं 'फिश इन अ ट्री', 2015 चं. यातली ॲली मुलगी आहे म्हणून तुमच्यासाठी जास्त जवळचं. वडील सैन्यात, सारख्या बदल्या, दर वर्षी नवी शाळा, त्यामुळे तिला वाचता येत नाही हे कोणाच्या लक्षातच येत नाही, सगळ्यांना वाटतं ही मुद्दाम त्रास देते. सुरुवातीलाच एक प्रसंग आहे, बाईंना बाळ होणार म्हणून सगळे कार्ड देतात आणि ॲली सुंदर फुलांचं कार्ड बघून आणते, तर ते निघतं शोक व्यक्त करायचं कार्ड. कार्डावर काय लिहिलंय ते तिला वाचता आलेलं नसतं आणि तसं सांगण्यापेक्षा तिला शिक्षा परवडते. मी हे आमच्या मुलांना वाचून दाखवलं तेव्हा एक मुलगा, जो एरवी लायब्ररीत फक्त चित्रं बघतो, तो मध्येच म्हणाला "तिला माहिती होतं ओरडा बसणार, पण सांगितलं नाही ना!" आणि एवढ्या समाधानाने म्हणाला.

मराठीत याच विषयावरची आणि मुलांना गोष्ट म्हणून खरंच धरून ठेवेल अशी कादंबरी माझ्या लायब्ररीत नाही. कोणाकडे असेल तर मलाही हवी आहे.

मध्यरेल्वे

मी स्वतः डिस्लेक्सिक आहे, हे पण बोलून टाईप करतोय त्यामुळे चुका असतील तर समजून घ्या.

'तारे जमीन पर' आला तेव्हा 2007 साली मी सहावीत होतो. त्या सिनेमाने आमच्यासारख्यांचं फार भलं केलं हे आधी सांगतो, माझी टेस्टिंगच मुळी त्यामुळे झाली, आईने थिएटरमधून बाहेर आल्यावर रिक्षात माझा हात सोडला नाही. अमोल गुप्तेंनी जे लिहिलंय ते लिहिणाऱ्याला मुलं कळतात यात शंका नाही. पण त्यातला डिस्लेक्सियावाला ईशान शेवटी चित्रकलेच्या स्पर्धेत पहिला येतो. आणि त्यानंतर कितीतरी वर्षं जो भेटेल तो मला विचारायचा, मग तुझी कला काय? अरे तुम्ही लोक खूप टॅलेंटेड असता ना? मला चित्र येत नाही. गाणं येत नाही. आईने ड्रॉइंगचा क्लास लावला, मग तबला, मग बुद्धिबळ, बिचारी शोधत होती कुठेतरी माझ्यात काहीतरी लपलेलं असणार म्हणून. त्यात मला दुसऱ्यांदा नापास झाल्यासारखं वाटायचं, आधी वाचण्यात आणि मग स्पेशल असण्यात. हे कधी कोणाला बोललो नव्हतो.

म्हणून तुम्ही जे शीर्षकात लिहिलंय ना बक्षीस नको, त्याला माझं हजार वेळा अनुमोदन. माझी गोष्ट साधी आहे, आज मी रेल्वेत टेक्निशियन आहे, काम चोख करतो, मॅन्युअल मोबाईलकडून वाचून घेतो. यातला शाळेतला मुलगा कोणीतरी गोष्टीत आणला असता तर मला फार बरं वाटलं असतं. ज्याला डबा खायच्या सुट्टीत मित्र आहेत आणि मराठीच्या तासाला "पुढचा परिच्छेद कोण वाचणार" म्हटलं की पोटात गोळा येतो. बाकांवर क्रमाने वाचन चालू झालं की मी आधीच मोजून ठेवायचो माझ्या वाट्याला कुठला परिच्छेद येणार आणि तो मनात पाठ करायचो शेजाऱ्याकडून कुजबुजत ऐकून. मधलं पोरगं गैरहजर निघालं की संपलं.

ग्रीककथा_फॅन

वरच्या दादांचं वाचून गलबलून आलं. पण थोडा वेगळा मुद्दा मांडते, राग मानू नका.

माझ्या भाच्याला वाचनाची गोडी लागली ती पर्सी जॅक्सनमुळे. रिक रायर्डन शाळेत शिक्षक होते, त्यांच्या मुलाला एडीएचडी (लक्ष एका जागी न टिकणं) आणि डिस्लेक्सिया, तो झोपताना ग्रीक देवांच्या गोष्टी सांगा म्हणायचा, ओरिजिनल गोष्टी संपल्या तेव्हा त्यांनी मुलासाठी नवीन रचायला घेतली, त्याचं पहिलं पुस्तक 2005 मध्ये आलं. त्यात पर्सीला इंग्रजी वाचता येत नाही कारण त्याचा मेंदू प्राचीन ग्रीक भाषेसाठी घडलेला आहे, तो देवाचा मुलगा आहे. हे खोटं आहे हे दहा वर्षांच्या पोराला पण कळतं हो! भाचा म्हणायचा मावशी मला पण ग्रीक शिकवून बघ. हसत म्हणायचा. पण त्याला तलवार घेऊन लढणारा हिरो मिळाला ज्याच्या प्रगतीपुस्तकावर त्याच्यासारखेच शेरे होते. साधी गोष्ट पाहिजे हे कबूल, पण ज्याचा शाळेतला दिवस रोज वाईट जातो त्याला रात्री थोडं देवाचा मुलगा होऊ द्या की. त्यावर पण त्याचा हक्क आहे.

मध्यरेल्वे

राग कशाला ताई. पटलं मला. पर्सीचं वेगळं आहे कारण राक्षसाशी लढणं ही सरळ सरळ कल्पना आहे, घरी येऊन कोणी मला विचारणार नाही तू कुठल्या देवाचा मुलगा. ड्रॉइंगची स्पर्धा मात्र शेजारच्या हॉलमध्ये असते. दोन्ही प्रकारची पुस्तकं आणा बाबा.

लीड्सवासी

मी इंग्लंडमध्ये असते, माझ्या मुलाला डिस्लेक्सिया आहे, आता बारा वर्षांचा आहे. मी जरा वेगळीकडे लक्ष वेधते.

गोष्टीत डिस्लेक्सिया असलेलं मूल असणं एक, आणि ती गोष्ट त्या मुलाला स्वतःला वाचता येणं दुसरं. हँक झिपझर किंवा ॲलीचं पुस्तक जाडजूड असेल तर ते ज्याच्याबद्दल आहे त्यालाच बंद. इथे एडिंबराला बॅरिंग्टन स्टोक नावाची प्रकाशनसंस्था 1998 मध्ये निघाली, ती फक्त हेच करते. पिवळसर कागद, मोकळी अक्षरं, ओळींमध्ये अंतर, छोटी प्रकरणं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गोष्ट बारा-तेरा वर्षांच्या मुलाची पण भाषा आठ वर्षांच्या वाचनाला झेपणारी. लिहिणारे नावाजलेले लेखक असतात. त्यांचं 'लार्क' हे अँथनी मॅकगोवन यांचं पुस्तक, दोन भाऊ यॉर्कशरच्या माळावर फिरायला जातात आणि बर्फात अडकतात, त्याला 2020 चं कार्नेगी मेडल मिळालं, म्हणजे इथला मुलांच्या साहित्यातला मोठा मान. सोपं पुस्तक म्हणून सवलतीत नाही मिळाला, सगळ्या पुस्तकांमध्ये मिळाला. आणि त्यांच्या बहुतेक पुस्तकांत डिस्लेक्सियाचा विषयही नसतो, भुतं असतात, फुटबॉल असतं, युद्ध असतं.

माझ्या मुलाने पहिल्यांदा पुस्तक एकट्याने संपवलं ते यांचंच. संपल्यावर त्याने ते शाळेच्या दप्तरात वरच ठेवलं, सगळ्यांना दिसेल असं, कारण बाहेरून ते बाकीच्यांच्या पुस्तकासारखंच दिसतं.

सुट्टीत पुण्याला येते तेव्हा अशी मराठी पुस्तकं शोधते. सोपं मराठी म्हणजे चिऊ-काऊ, ससा-कासव, पहिलीतल्या बाळांसाठी. बारा वर्षांच्या मुलाच्या हातात ते देणं म्हणजे त्याचा अपमान. आणि त्याच्या वयाचं मराठी घ्यावं तर पहिल्याच पानावर चार ओळींचं वाक्य. मधलं काहीच नाही. मला वाटतं मराठीत खरी उणीव इथे आहे.

पुस्तकवेडी_नाशिक

लीड्सवासी ताई +१. यासाठी मी सध्या स्टोरीवीव्हर वापरते, प्रथम बुक्सचं. मराठी गोष्टी ढिगाने, लेव्हलप्रमाणे, फुकट, आणि लायसन्स खुलं असल्यामुळे तोच मजकूर मोठ्या टाईपात मोकळा करून प्रिंट काढला तरी चालतं. पण तुमचं म्हणणं खरं, वरच्या लेव्हलला गेलं तरी विषय लहान मुलांचेच जास्त.

आणि ऐकायचं असेल तर सुगम्य पुस्तकालय बघा, 2016 मध्ये सुरू झालेली ऑनलाईन लायब्ररी, छापील वाचता न येणाऱ्यांसाठी. ती फक्त अंधांसाठी आहे असा समज आहे, पण डिस्लेक्सियावाले पण त्यात येतात.

रेमेडियल_ठाणे

बऱ्याच वर्षांपासून रेमेडियल घेते, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. बाबा, तुम्ही इंग्रजी पुस्तक मराठीत सांगणार म्हणालात म्हणून लिहायला बसले, कारण इथे एक गोष्ट निसटते.

इंग्रजी गोष्टींमध्ये पोराला काय अडतं? बी आणि डी उलटे होतात, स्पेलिंग आणि उच्चार जुळत नाहीत. सिनेमात अक्षरं पानावर नाचताना दाखवतात. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं अक्षरं नाचतात असं सांगत नाहीत. मूळ अडचण बहुतेकांची डोळ्यांची नसतेच, शब्दातले आवाज सुटे करून अक्षराशी जोडण्याची असते. आणि अक्षरं उलटी काढणं तर सहा-सात वर्षांपर्यंत कुठलंही मूल करतं.

मराठीत अडकायच्या जागा वेगळ्या आहेत. पहिली वेलांटी घ्या, "कि" म्हणताना आधी क मग इ, पण कागदावर वेलांटी आधी भेटते. र चं तर काय सांगू, एकाच र ची किती रूपं, क्रम आणि कर्म, दर्या आणि दऱ्या. रफार लिहिलेला असतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर आणि म्हणायचा असतो त्याच्या आधी. घ आणि ध, भ आणि म, जोडाक्षर फुटलं की दोन्ही तुकडे अनोळखी. माझी एक विद्यार्थिनी जोडाक्षर आलं की ते गाळून पुढचा शब्द मोठ्याने म्हणायची म्हणजे कोणाला कळू नये. आता ॲलीची किंवा हँकची गोष्ट मराठीत सांगताना बी-डीच ठेवलं तर लेकीला ती लांबच्या मुलीची गोष्ट वाटेल. सांगताना रफार आणि वेलांटीवर आणा, बघा ती कशी कान टवकारते. आणि कोणी मराठीत लिहिणार असेल तर कृपा करून ही आपली अडचण लिहा, परदेशी पुस्तकातली उचलून आणू नका.

हे काही माझंच मत नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने डिस्लेक्सिया ओळखण्यासाठी डाली म्हणून चाचणीसंच बनवला तो हिंदी, मराठी, कन्नड, इंग्रजीत वेगवेगळा बनवला, नुसतं भाषांतर करून चाललं नसतं कारण लिपी बदलली की मूल अडखळतं ते ठिकाण बदलतं.

आजाराचं पुस्तक वाटेल का, हे विचारलंत. हातात देऊन "तुझ्यासाठी आणलंय" म्हणाल तर वाटेल. घरात रोज रात्री वाचताच आहात, त्याच रांगेत हे पण येऊ द्या, आधी काही सांगू नका. ओळखेल ती. मग बोलेल किंवा नाही बोलणार, न बोलली तर विचारू नका.

डिस्लेक्सियासाठी म्हणून बनवलेल्या स्पेशल फॉन्टबद्दल लोक नेहमी विचारतात म्हणून आधीच सांगते, त्यातल्या अक्षरांच्या आकाराने फार फरक पडतो असं संशोधनात दिसलेलं नाही, अक्षरांमधलं अंतर वाढवलं तर काही मुलांना सोपं जातं. घरी प्रिंट काढताना साधाच फॉन्ट घ्या, मोठा आणि मोकळा.

सांगलीकर_बाबा

सगळ्यांचे मनापासून आभार. मध्यरेल्वे दादा, तुमचा रिप्लाय बायकोला वाचून दाखवला, ती रडली, आणि चित्रकलेच्या क्लासची फी भरायची राहिली होती ती आता भरत नाही. क्रिकेटलाच जाऊ दे.

आम्ही कालपासून ॲली सुरू केलं. कार्डाच्या प्रसंगाला लेक म्हणाली थांबा, परत वाचा. परत वाचलं. मग म्हणाली मी असते तर आधी दुकानदाराला विचारलं असतं हे कशाचं कार्ड आहे, आणि मग दहा मिनिटं मला सांगत होती की ती दुकानात, बसमध्ये, शाळेच्या नोटीसबोर्डपाशी काय काय युक्त्या करते. यातलं निम्मं मला माहीतच नव्हतं. वर्षभर रिपोर्ट वाचून जे कळलं नाही ते.

त्यातलंच एक घेऊन आम्ही दोघांनी गोष्ट रचायला घेतली आहे, ती सांगते मी लिहितो. सांगलीच्या स्टँडवर एसटीच्या पाट्या ती पहिल्या शब्दावरून ओळखते, पुढचं वाचत बसायला वेळ नसतो. आमच्या जिल्ह्यात कवठे महांकाळ आहे आणि कवठे एकंद पण आहे. तर गोष्टीतली मुलगी दसऱ्याच्या दिवशी मामाकडे कवठे महांकाळला निघते आणि कवठे एकंदच्या गाडीत बसते. आणि कवठे एकंदला दसऱ्याला शोभेच्या दारूची केवढी आतषबाजी असते हे इकडच्या लोकांना माहिती आहेच. इथपर्यंत आलोय. घरचे फोन करतायत आणि ती आभाळाकडे बघत उभी.

लेकीची अट आहे की शेवटी त्या मुलीने पाटी वाचून दाखवायची नाही.

ठाण्याच्या ताई, एक विचारायचं होतं, महांकाळमधल्या हां वर अशी मुलगी अडखळेल का, का एकंदवर? आणि ही गोष्ट तिला स्वतःला वाचता यावी असं पण मनात आहे, लीड्सच्या ताईंनी लिहिलंय तसं, पण शोभेच्या दारूच्या वर्णनात जोडाक्षरं टाळायची कशी?

रेमेडियल_ठाणे

बाबा, पहिल्या अक्षरावरून आणि शब्दाच्या लांबीवरून अंदाज बांधणारी मुलगी असेल तर ती "कवठे"ला थांबते, पुढचं बघतच नाही, त्यामुळे हां का एकं हा प्रश्नच येत नाही. तसंच ठेवा, ते अगदी खरं आहे. घाईत तर हमखास.

जोडाक्षरं सगळी टाळू नका, भाषा मेल्यासारखी होते. "प्रकाश" ऐवजी "उजेड", "स्फोट" ऐवजी "धडाम", "आतषबाजी" मात्र राहू द्या, तिने सिनेमातून, गावातून ऐकलेला शब्द आहे, ऐकलेला शब्द वाचायला सोपा जातो. एका ओळीत एकच अवघड शब्द. वाक्य एका श्वासात संपेल एवढं. आणि लिहून झालेला तुकडा आधी तिला ऐकवा, मग दोन दिवसांनी तोच तिच्यासमोर मोठ्या टाईपात ठेवा, ती जिथे थांबेल तिथे पेन्सिलने खूण करा आणि ते वाक्य बदला. तिला दुरुस्त करू नका, वाक्याला करा.

पहिला भाग झाला की इथे टाका. माझ्याकडे सातवीतली दोन मुलं आहेत त्यांना वाचायला देते.

लीड्सवासी

मलाही पाठवा, माझा मुलगा मराठी वाचायला शिकतोय, एसटी त्याने बघितलेली आहे.